टिपणांच्या ॲपची नवी आवृत्ती : आधी शोध, आधी सिंक, की आधी मोकळ्या फायली?

टिपणकार (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. राजारामपुरीतल्या घरातून मी एकट्याने टिपणे ठेवण्याचे एक ॲप चालवतो. ते अँड्रॉइड आणि विंडोज या दोन्हींवर चालते आणि त्याचे वापरकर्ते बहुतांशी कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यातले, मराठीत टिपणे लिहिणारे आहेत. दुसऱ्या आवृत्तीचे काम आता अशा टप्प्यावर आले आहे की काय मागे ठेवायचे हे ठरवल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तीन मोठी कामे समोर आहेत आणि या खेपेस त्यांतली दोनच नीट होतील.

पहिले काम मराठी शोधाचे आहे. सर्व टिपणे एसक्यूलाइटच्या एका डेटाबेसमध्ये राहतात आणि शोधासाठी त्यातलीच एफटीएस५ ही सोय वापरली जाते. या सोयीचा 'युनिकोड६१' नावाचा मूळचा टोकनायझर, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणारा भाग, फक्त अक्षरे आणि अंक यांना शब्दाचा भाग मानतो. आपले काने, मात्रा, वेलांट्या, उकार आणि हलन्त ही चिन्हे युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या तक्त्यात, निराळ्या वर्गांत मोडतात, त्यामुळे तो नेमका त्यांच्या जागी शब्द तोडतो. 'पाणी' या शब्दाचे प आणि ण असे दोन तुकडे होतात, 'पुणे' या शब्दाचेही तेच दोन होतात, आणि पाणी शोधणाऱ्यासमोर पुण्याची सगळी टिपणे येऊन उभी राहतात. टोकनायझरला 'एमएन' आणि 'एमसी' हे या चिन्हांचे दोन वर्ग जोडून दिले की ही तोडफोड थांबते; पण मराठी शोध तेवढ्याने पुरा होत नाही.

दुसरे काम फोन आणि संगणक यांच्यातल्या सिंकचे, आणि तिसरे प्रत्येक टिपण साध्या मजकुराच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवण्याचे, म्हणजे उद्या माझे ॲप राहिले नाही तरी टिपणे कोणत्याही संगणकावर उघडतील.

आपण माझ्या जागी असता तर यांतली कोणती दोन आधी केली असती, आणि का? किंमत एकरकमी ठेवावी की वार्षिक, यावरही मत हवे आहे.

उद्यमनगरकर

दादा, शोध आधी करा. माझे मशीनशॉप आहे. कास्टिंग आले की त्याच्या बोअरचे माप, कोणता इन्सर्ट वापरला, टर्नरला कुठे अडचण आली, हे सगळे मी तुमच्याच ॲपमध्ये लिहून ठेवतो, कारण तोच जॉब सहा-आठ महिन्यांनी परत येतो आणि तेव्हा जुने माप हाताशी असले तर अर्धा दिवस वाचतो. मी 'बोअर' शोधले की 'बेअरिंग' असलेली टिपणेसुद्धा यादीत येतात, याचे कारण आज तुमच्या लिहिण्यातून कळले.

सिंकची मला घाई नाही. फोन खिशात असतो आणि लिहिणे-वाचणे तिथेच होते. फक्त एक विनंती आहे. नव्या आवृत्तीत लॉगिन सक्तीचे करू नका. दुकानातल्या पोरांना ओटीपीच्या भानगडीत पाडले तर ती परत पाठीमागच्या भिंतीवर खडूने मापे लिहायला लागतील.

अर्धविराम (पुणे)

टोकनायझरचे वर्ग बदलल्यावरही तीन गोष्टी उरतात, आणि मी हेच काम एका ग्रंथसूचीसाठी केलेले असल्याने त्या सविस्तर लिहितो.

पहिली, एकच अक्षर दोन रीतींनी साठवलेले असते. 'ॲप' मधला ॲ हा युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून ५.१ या आवृत्तीत, २००८ साली आला. त्याआधीच्या कळफलकांवरून आलेल्या मजकुरात अ आणि त्यावर वेगळा चंद्र असतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला ते निराळे शब्द वाटतात, आणि युनिकोडचे ठरावीक सामान्यीकरण त्यांना एक करत नाही.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. 'दऱ्या' मधला अर्धा र काही कळफलक ऱ आणि हलन्त असा लिहितात, तर काही र, हलन्त आणि त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह, म्हणजे झेडडब्ल्यूजे, असा लिहितात. पुष्कळ जण शोधाच्या सूचीतून सगळी अदृश्य चिन्हे सरसकट पुसून टाकतात. तसे केले तर दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या 'दऱ्या' चे 'दर्या' होते, आणि डोंगरातल्या दऱ्या शोधणाऱ्याला समुद्र सापडतो. म्हणून आधी त्या जोडीचे ऱ मध्ये रूपांतर करावे आणि मगच उरलेली अदृश्य चिन्हे काढावीत. हा क्रम उलटा झाला की मूळ भेद कायमचा गेला, म्हणून हे सगळे मूळ टिपणावर न करता शोधासाठी ठेवलेल्या वेगळ्या स्तंभावरच करावे.

तिसरी गोष्ट विभक्तीची. त्यासाठी एसक्यूलाइटच्या ३.३४ आवृत्तीपासून, म्हणजे २०२० च्या अखेरीपासून, मिळणारा ट्रायग्राम टोकनायझर पाहावा. तो तीन-तीन वर्णचिन्हांचे तुकडे करून सूची बनवतो, त्यामुळे शब्दाच्या मधला भागही सापडतो आणि प्रत्ययांची चिंता बरीच कमी होते.

ऊसकरी (शिरोळ)

अर्धविराम साहेब, आपले लिहिणे मला जेवढे समजले तेवढ्यावरून एक शंका विचारतो. मी लागण, खोडवा, खतांचे हप्ते, तोडीच्या तारखा आणि काट्यावरच्या पावत्यांची वजने या ॲपमध्ये लिहितो. 'ऊस' म्हणून शोधले की 'उसाला पाणी दिले', 'उसाची तोड', 'उसातले तण' यांतले एकही टिपण येत नाही. आपल्या तीन-तीनच्या रीतीने ते येईल का?

आणखी एक. माझ्या प्लॉटात को ८६०३२ आहे. मी फोनवर कधी आकडे मराठीत टाकतो, कधी इंग्रजीत, आणि मुलगा कायम इंग्रजीत टाकतो. एकाच उसाच्या जातीची टिपणे त्यामुळे दोन ठिकाणी विभागली गेली आहेत.

अर्धविराम (पुणे)

आपली शंका मर्मावर बोट ठेवणारी आहे. ट्रायग्रामला शोधशब्दात किमान तीन वर्णचिन्हे लागतात आणि 'ऊस' मध्ये दोनच आहेत, तेव्हा त्या रीतीने काहीच हाती लागणार नाही. 'घर', 'नळ', 'दर' यांचेही तेच होईल. शिवाय 'ऊस' चे सामान्यरूप करताना दीर्घ ऊ ऱ्हस्व होतो, त्यामुळे शब्दाच्या सुरुवातीवरून शोधण्याची रीतही चालत नाही. 'कोल्हापूर' आणि 'कोल्हापुरात' यांच्यात हाच प्रश्न आहे.

तेव्हा माझी सूचना बदलतो. शोधस्तंभात सर्व इकार आणि उकार ऱ्हस्व करून ठेवावेत, आकडे एकाच लिपीत आणावेत, आणि त्यावर सुरुवातीवरून जुळवणी करावी. मग 'ऊस' चा 'उस' होईल आणि 'उसाला', 'उसाची', 'उसातले' हे सगळे मिळतील.

शोधछात्रा

मी शिवाजी विद्यापीठात इतिहासावर पीएच.डी. करते आणि माझी बहुतेक टिपणे जुन्या कागदांतल्या उताऱ्यांची असतात. ऱ्हस्व-दीर्घ सरसकट एक करण्याला माझा विरोध आहे. 'दिन' शोधताना 'दीन' नको असतो, आणि उताऱ्यात मूळ लेखकाने शब्द कसा लिहिला होता हेच कधीकधी शोधायचे असते. शोध सैल केला की शेतकऱ्याचे काम होते आणि अभ्यासकाचे अडते. हा तोल विकासकाने माझ्यावर न लादता माझ्या हाती द्यावा.

मोडीवाचक

शोधछात्रा ताई, आपल्या म्हणण्यातला हेतू मान्य आहे, पण जुन्या कागदांपुरते उलटे टोकही पाहा. मोडीत लिहिणाऱ्यांनी व्यवहारात इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळलेला नसतो. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातला कागद वाचून मी जेव्हा त्याचे देवनागरी लिप्यंतर टिपणात उतरवतो, तेव्हा वेलांटी कोणती द्यायची हे मी आजच्या सवयीने ठरवलेले असते आणि दुसरा वाचक निराळे ठरवील. अशा मजकुरात काटेकोर शोध केला तर अर्धी टिपणे निसटतात. सैल शोधाची गरज अभ्यासकालाच अधिक आहे असे माझे मत आहे.

टिपणकारांना एक स्वतंत्र विनंती करतो. मोडी लिपी युनिकोडच्या ७.० आवृत्तीत २०१४ साली आली. तिचे वर्ण देवनागरीसारखे पहिल्या पट्ट्यात नाहीत, यू+११६०० पासून पुढे आहेत, आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या रीतीत देवनागरीचे वर्णचिन्ह तीन बाइटांत बसते तर मोडीचे चार बाइट घेते. ॲपमध्ये कुठेही वर्णसंख्या मोजून मजकूर कापला जात असेल, उदाहरणार्थ यादीतल्या शीर्षकात, तर तिथे मोडी वर्ण मधोमध तुटत नाही ना, हे पाहावे.

शोधछात्रा

मोडीवाचक सर, लिप्यंतराच्या बाबतीत आपले म्हणणे पटते. तरीही आधी तंतोतंत जुळलेली टिपणे आणि त्यांच्याखाली, स्पष्ट रेघ मारून, सैल जुळलेली टिपणे अशी मांडणी केली तर दोघांचेही काम होईल. अवतरणचिन्हांत लिहिलेला शब्द मात्र काटेकोरच शोधावा.

पंचगंगाकाठ

सगळी चर्चा शोधावर चालली आहे, म्हणून सिंकची बाजू मांडतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या भागात पाणी शिरले तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावर होतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे इथल्या प्रत्येकाला पाठ असते. त्या वर्षी पाणी त्याच्या कितीतरी वर गेले, शिरोलीजवळ महामार्ग काही दिवस बंद राहिला आणि वीज नसल्याने नेटही गेले. खालच्या खोलीतला संगणक पाण्यात होता. विम्याचे क्रमांक, औषधांची नावे, भावाच्या दुकानातल्या मालाची यादी, हे सगळे त्या संगणकावरच्या टिपणांत होते आणि दुसरीकडे कुठेही नव्हते. शोध कितीही चांगला असला तरी जे टिपण उरलेच नाही ते शोधायचे कसे?

त्याच वेळी नेटवर अवलंबून असलेले दुसरे एक ॲप माझ्या फोनवर होते, आणि ते त्या दिवसांत नुसते गोल फिरत राहिले. म्हणून मला सिंक हवे, पण असे, की टिपण आधी फोनवर पूर्ण साठेल, नेटशिवाय उघडेल, लिहिता येईल, आणि जोडणी मिळेल तेव्हा दुसरीकडे जाईल.

अर्धविराम (पुणे)

पंचगंगाकाठ यांची गरज खरी आहे, पण ती सिंकने भागेल असे मी म्हणणार नाही. ती बॅकअपने भागते. सिंक म्हणजे एका ठिकाणचा बदल दुसरीकडे पोचवणे, आणि पुसणे हाही बदलच असतो. एका यंत्रावर टिपण चुकून पुसले की ते सर्वत्र पुसले जाते. शिवाय दोन यंत्रांवर नेट नसताना एकाच टिपणात बदल झाले तर नंतरचा बदल आधीचा गिळतो. ते टाळायला सीआरडीटीसारखी, म्हणजे दोन्हीकडचे बदल आपोआप एकत्र करणारी, रचना लागते, किंवा निदान दोन्ही प्रती ठेवून वापरकर्त्याला निवडू द्यावे लागते. एकट्या माणसाने हे घाईत करू नये.

टिपणकार, ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये डेटाबेसची फाइल नुसती टाकून सिंक करण्याचा मोहही टाळा. एसक्यूलाइट वॉल पद्धतीने चालत असेल तर ताजे बदल काही काळ सोबतच्या '-वॉल' फाइलमध्ये असतात. मुख्य फाइल तेवढी उचलली तर शेवटची टिपणे मागे राहतात. बॅकअपची प्रत 'व्हॅक्यूम इन्टू' या आज्ञेने किंवा बॅकअपच्या अधिकृत सोयीने काढावी.

सातवी-ब

मी शाळेत मराठी शिकवते. माझ्या मागण्या वरच्या मंडळींएवढ्या मोठ्या नाहीत. माझ्याकडे जुन्या फॉन्टांत टंकलेल्या प्रश्नपेढ्या आहेत. त्यातला मजकूर टिपणात चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. नव्या आवृत्तीत याचे काही करता येईल का?

जुनाखिळा

ताई, मी छापखान्यात अक्षरजुळणी केलेली आहे, आणि नंतर हेच फॉन्ट वापरून डीटीपीही केले आहे, म्हणून सांगतो. त्या फॉन्टांत मराठी अक्षर असे काही साठवलेलेच नसते. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात, आणि तेही डोळ्यांना दिसतील त्या क्रमाने. 'कि' लिहिताना त्यात वेलांटी आधी आणि क नंतर असतो, तर युनिकोडमध्ये क आधी आणि वेलांटी नंतर. रफार तिथे अक्षरानंतर येतो, तर युनिकोडमध्ये तो र आणि हलन्त होऊन अक्षराच्या आधी बसतो. शिवाय प्रत्येक कंपनीचा तक्ता निराळा. हे परिवर्तक वेगळे मिळतात. टिपणांच्या ॲपमध्ये ते कोंबायला सांगू नये. पॅटर्नच वाकडा असेल तर कास्टिंग कितीही घासून उपयोग नसतो, तसे हे आहे. मजकूर आधी बाहेरच नीट करून घ्यावा आणि मग टिपणात आणावा.

टिपणकार, अक्षरजुळणीवरून आठवले म्हणून सांगतो, टिपणांची यादी अकारविल्हे लावताना ळ, क्ष आणि ज्ञ कुठे जातात ते तपासा. युनिकोडच्या क्रमांकांप्रमाणे लावले तर ळ हा ल च्या पाठोपाठ येतो, क्ष हा क मध्ये आणि ज्ञ हा ज मध्ये शिरतो. आपल्या वर्णमालेत हे तिघे ह च्या नंतर शेवटी येतात. शब्दकोशात सवय झालेल्या माणसाला यादी उलटसुलट वाटते आणि का वाटते ते सांगता येत नाही.

सातवी-ब

आभारी आहे, जुनाखिळा काका. परिवर्तक शोधते. धाग्याची वाचनखूण साठवली आहे.

हिशेबनीस (इचलकरंजी)

किंमतीबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. वार्षिक वर्गणी विकासकाला दर वर्षी उत्पन्न देते हे खरे, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, जे १ ऑक्टोबर २०२१ पासून पूर्णपणे लागू झाले, आवर्ती वसुलीची सूचना किमान २४ तास आधी ग्राहकाला द्यावी लागते. १५,००० रुपयांपर्यंतच्या वसुलीला दर वेळी ओटीपी लागत नाही. यूपीआय ऑटोपेही २०२० पासून आहे. तांत्रिक अडचण म्हणून वर्गणी टाळायचे कारण नाही.

माझा आक्षेप निराळ्या कारणाने आहे. वर्गणी थांबली की टिपणे कुलूपबंद होतील, ही भीती ग्राहकाच्या मनात राहते. एव्हरनोटने डिसेंबर २०२३ पासून फुकट खात्याला ५० टिपणे आणि एक वही अशी मर्यादा घातली, हे सर्वांना माहीत आहे. तो त्यांचा व्यवसायाचा निर्णय होता, पण आपले लिखाण दुसऱ्याच्या अटींवर किती अवलंबून आहे ते लोकांना त्यातून दिसले. म्हणून ॲप एकरकमी विकावे, आणि सिंक जेव्हा येईल तेव्हा सर्व्हरचा खर्च दर महिन्याला होतो या कारणाने फक्त त्याची वर्गणी घ्यावी. प्ले स्टोअर पहिल्या दहा लाख डॉलरच्या वार्षिक उत्पन्नावर १५ टक्के घेते आणि सेवेची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नसते, हे धरून किंमत काढावी.

उद्यमनगरकर

हिशेबनीस साहेबांशी शंभर टक्के सहमत. एकदा पैसे घ्या आणि टिपणे आमची राहू द्या.

पंचगंगाकाठ

अर्धविराम यांचा सिंक आणि बॅकअप यांतला भेद मान्य. मला जे हवे ते बॅकअपच आहे. मात्र तो आपोआप झाला पाहिजे. पुराचे पाणी उंबऱ्याला लागल्यावर कोणीही मेनूमध्ये जाऊन बटण शोधत बसत नाही.

शोधछात्रा

मूळ प्रश्नाकडे येते. मोकळ्या फायलींचे काम कोणी उचलून धरले नाही, ते मी धरते. माझा प्रबंध संपेल, नोकरी कुठे लागेल सांगता येत नाही, फोन बदलेल. पण टिपणे पंधरा-वीस वर्षे लागतील. साध्या मजकुराची फाइल तेवढी टिकते.

अर्धविराम (पुणे)

टिकाऊपणाच्या बाबतीत एसक्यूलाइटही कच्चे नाही. ते २००० सालापासून आहे, सार्वजनिक मालकीचे आहे, आणि २०५० पर्यंत त्याला आधार देण्याचा मानस त्याच्या कर्त्यांनी जाहीर केलेला आहे. डेटाबेस आतमध्ये राहू द्यावा आणि त्यातून रोज रात्री प्रत्येक टिपणाची मार्कडाउन, म्हणजे साध्या मजकुराची, फाइल वापरकर्त्याने निवडलेल्या फोल्डरमध्ये उतरावी. मग मोकळ्या फायली आणि आपोआप होणारा बॅकअप ही दोन कामे राहत नाहीत, एकच होते. पंचगंगाकाठ यांनी ते फोल्डर ड्राइव्हवर किंवा गावाबाहेरच्या नातेवाइकाच्या संगणकावर जाईल असे लावावे.

टिपणकार (कोल्हापूर)

सर्वांचे मनापासून आभार. मी सिंकला पहिला क्रम द्यायच्या विचारात होतो. धागा वाचून तो बदलला आहे.

नव्या आवृत्तीत शोध आणि फायली ही दोन कामे होतील. शोधाचा वेगळा स्तंभ अर्धविराम यांनी सांगितलेल्या क्रमाने बनेल : आधी ऱ आणि ॲ एकरूप, मग अदृश्य चिन्हे बाद, मग आकडे एका लिपीत, आणि शेवटी ऱ्हस्व-दीर्घ सैल. निकालात तंतोतंत जुळलेली टिपणे वर आणि सैल जुळलेली खाली, ही शोधछात्रा यांची मांडणी घेतो. मूळ टिपणातले एकही चिन्ह बदलले जाणार नाही, ही हमी मी सेटिंगच्या पानावर लिहूनच ठेवणार आहे. रोजची मार्कडाउन प्रत आपोआप निघेल. यादीचा क्रम वर्णमालेप्रमाणे लागेल. मोडी शीर्षके मी स्वतः तपासतो. मोडीवाचक सरांनी चार-पाच ओळी पाठवल्या तर बरे होईल. सिंक पुढच्या खेपेस. लॉगिन लागणार नाही आणि किंमत एकरकमी राहील.

नव्या आवृत्तीसाठी मी प्ले स्टोअरवर नवे वैयक्तिक खाते काढले आहे, आणि अशा खात्यांना प्रकाशनापूर्वी किमान १२ परीक्षकांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. इथल्या मंडळींनी नावे दिली तर खऱ्या मराठी टिपणांवर चाचणी होईल. प्रत्येकाने आपापल्या टिपणांत हमखास न सापडणारे शब्द लिहून पाठवावेत.

ऊसकरी (शिरोळ)

माझे आणि मुलाचे, दोघांचीही नावे घ्या. शब्द पाठवतो : ऊस, पूर्वहंगामी, फुले, मूळकूज, आणि आकड्यांत ८६०३२ दोन्ही लिप्यांत. कारखान्यांची धुराडी पेटायच्या आधी चाचणी सुरू केलीत तर बरे. एकदा तोड लागली की फोन हातात घ्यायला सवड मिळत नाही.

उद्यमनगरकर

माझेही नाव धरा. फोन जुना आहे, अँड्रॉइड ९ चा. त्यावर नवी आवृत्ती चालेल ना, एवढे आधी सांगा.

टिपणकार (कोल्हापूर)

चालेल. अँड्रॉइडसोबत येणारे एसक्यूलाइट फोनगणिक जुने-नवे असते, म्हणून ॲपमध्ये मी स्वतःचे जोडून देतो. त्यामुळे शोध जुन्या फोनवरही तसाच वागेल. दुवा सोमवारी पाठवतो.